तिसरी-चौथीच्या गणितासाठी अ‍ॅडॅप्टिव्ह ऑनलाइन शिकवणी: वर्गात ती कशी बसवावी

जिल्हा परिषदेच्या शाळेतला चौथीचा कोणताही वर्ग घेतला, तरी गणिताच्या तासिकेला त्यात तीन-चार इयत्ता एकत्र बसलेल्या असतात. कोणी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागत असतो, कोणी हातच्याच्या वजाबाकीत अडलेला असतो, आणि एखाद्याला सत्तेचाळीस लिहायला सांगितले तर तो ७४ लिहितो. शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर ३० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले असले, तरी द्विशिक्षकी शाळेत एकाच शिक्षकाला दोन-दोन इयत्ता सांभाळाव्या लागतात आणि पाठ्यपुस्तक तर सगळ्यांना एकाच पानावर असल्याचे धरून चालते. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस मुलाला ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि गुणाकाराची सोपी उदाहरणे सोडवता यावीत, असे लक्ष्य ठेवले आहे. ते गाठायचे तर प्रत्येक मुलाला त्याच्या पायरीवरचा सराव मिळायला हवा, आणि अ‍ॅडॅप्टिव्ह शिकवणीचे आश्वासन नेमके तेच असते. शासनाकडून, लोकवर्गणीतून किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून शाळेत टॅब आलेले आहेत आणि आता त्यांचे नेमके काय करायचे, असा प्रश्न ज्या शिक्षकांना पडला आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे.

‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ म्हणजे काय, आणि ते तपासावे कसे

बाजारात जे काही या नावाने विकले जाते ते सगळे अ‍ॅडॅप्टिव्ह नसते. व्हिडिओ आणि त्याखाली ठरावीक दहा प्रश्न, ही रचना उपयुक्त असू शकते. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडमधून दीक्षा या मंचावर जे साहित्य उघडते त्यातले बरेचसे याच प्रकारचे आहे आणि शिक्षकाला ते पुरेपूर वापरता येते. परंतु तेथे पुढचा प्रश्न मुलाच्या उत्तरावर अवलंबून नसतो. खऱ्या अ‍ॅडॅप्टिव्ह प्रणालीत कौशल्यांचा एक नकाशा असतो, म्हणजे हातच्याच्या वजाबाकीआधी बिनहातच्याची, त्याआधी स्थानिक किंमत, त्याआधी दशक-एकक. प्रत्येक उत्तरानंतर या मुलाला हे कौशल्य येत असण्याची शक्यता किती, याचा अंदाज प्रणाली नव्याने बांधते. हा अंदाज बांधताना दोन गोष्टी हिशेबात धराव्या लागतात: येत असूनही घाईत चुकणे आणि येत नसतानाही नशिबाने बरोबर येणे. चार पर्यायांच्या प्रश्नात डोळे मिटून बोट ठेवले तरी चारांतून एकदा उत्तर बरोबर येते, म्हणूनच ज्या अ‍ॅपमध्ये मूल स्वतः संख्या लिहिते, ते केवळ पर्याय निवडायला लावणाऱ्या अ‍ॅपपेक्षा मी केव्हाही पसंत करीन.

तपासण्याची पद्धत सोपी आहे आणि विक्रेत्याच्या सादरीकरणापेक्षा ती जास्त सांगून जाते. दोन खाती उघडावीत. एका खात्यावर सगळी उत्तरे बरोबर द्यावीत, दुसऱ्यावर जाणूनबुजून चुकीची द्यावीत, आणि पंधरा-वीस प्रश्नांनंतर दोन्ही पडदे शेजारी ठेवून पाहावेत. दोन्हीकडे तेच प्रश्न चालू असतील, तर अ‍ॅपच्या नावात काहीही असो, ते अ‍ॅडॅप्टिव्ह नाही. दुसरी परीक्षा याहून बारीक आहे. ५२ − २७ ला ३५, ८१ − ४६ ला ४५ आणि ६३ − ३८ ला ३५ अशी उत्तरे द्यावीत. या तिन्ही उत्तरांमागे एकच चुकीची रीत आहे: वरचा-खालचा अंक न पाहता मोठ्यातून लहान वजा करणे. प्रणाली ही चूक ओळखून त्याविषयी काही सांगते, की केवळ ‘पुन्हा प्रयत्न कर’ म्हणून थांबते, हे पाहावे. बहुतेक वेळा शिक्षकाच्या वाट्याला किती काम उरणार आहे, हे या एका परीक्षेवरून कळते.

पुरावा काय सांगतो

भारतातील या विषयावरचा सर्वांत जास्त उद्धृत होणारा प्रयोग दिल्लीत झाला. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गनिमियन या अर्थतज्ज्ञांनी अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या संस्थेच्या माइंडस्पार्क या प्रणालीचा अभ्यास केला आणि तो २०१९ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत मुले संगणकावर बसत आणि तितकाच वेळ लहान गटात शिक्षकाकडून शिकत. सोडतीत निवड झालेल्या मुलांची गणितातील प्रगती साडेचार महिन्यांत इतरांपेक्षा ०.३७ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेले आहेत याच्या मापाने) अधिक झाली, ही शिक्षणक्षेत्रातील प्रयोगांच्या मानाने मोठी वाढ आहे.

हा आकडा जाहिरातींत वारंवार येतो; त्याच्याबरोबर सांगायला हव्यात अशा गोष्टी मात्र येत नाहीत. एक तर ही मुले प्रामुख्याने सहावी ते नववीतील होती, त्यामुळे दुसरी-तिसरीच्या मुलांबाबत तोच परिणाम जसाच्या तसा गृहीत धरता येत नाही. दुसरे, संगणकाच्या जोडीला माणूस होता. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सहावीत आलेली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, प्रणालीने त्यांना त्यांच्या खऱ्या पायरीवरून शिकवले, आणि म्हणूनच शाळेच्या इयत्तेनुसार होणाऱ्या गणिताच्या परीक्षेत ती प्रगती तशी ठळकपणे उमटली नाही. चौथीतील मुलगी दुसरीच्या पायरीवरून तिसरीच्या पायरीवर आली, तरी चौथीच्या संकलित चाचणीत तिचे गुण फारसे हलणार नाहीत. मुख्याध्यापकांना, केंद्रप्रमुखांना आणि पालकांना हे सत्र सुरू होण्यापूर्वीच सांगून ठेवावे. दिवाळीनंतर सांगितले तर ती सबब वाटते.

मराठीत चालते म्हणजे नेमके काय चालते

अ‍ॅप ‘मराठीत उपलब्ध’ आहे एवढ्यावर समाधान मानू नये. आपल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे डोळे पुस्तकातील देवनागरी अंकांना सरावलेले असतात, तर बहुतेक अ‍ॅपच्या कळफलकावर आंतरराष्ट्रीय अंक येतात. अंक बदलण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर ती आधीच करून ठेवावी. नसेल तर दोन्ही अंकांचा तक्ता टॅबच्या जागेशेजारी लावावा आणि पहिला आठवडा केवळ त्या ओळखीसाठी द्यावा. तसे न केल्यास अंक न ओळखल्याची चूक प्रणालीच्या खाती गणिताची चूक म्हणून जमा होते.

संख्यांच्या उच्चाराचा प्रश्न यापेक्षा खोल आहे. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, तर लिहिताना क्रम उलटा असतो, त्यामुळे पंचवीस ऐकून ५२ लिहिणारे मूल मंद नसते, ते ऐकल्या क्रमाने लिहीत असते. एकोणतीस, एकोणपन्नास यांसारख्या शब्दांत तर पुढच्याच दशकाचे नाव कानावर पडते आणि मूल ३९ किंवा ५९ लिहून मोकळे होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर वाद झाला होता. त्या वादात कोणाची बाजू बरोबर होती हे बाजूला ठेवले, तरी अडचण खरी आहे हे पहिली-दुसरीला शिकवणारे सगळेच मान्य करतील. म्हणून अ‍ॅपमधला आवाज संख्या कोणत्या रीतीने वाचतो ते स्वतः कान देऊन ऐकावे. वर्गात दोन्ही रीती शिकवल्या असतील तर हरकत नाही; परंतु यंत्राने वाचलेला शब्द मुलाने वर्गात कधी ऐकलेलाच नसेल, किंवा यंत्र एकोणसत्तर या शब्दाचा उच्चारच नीट करीत नसेल, तर त्या पायरीवर आवाज बंद ठेवून अंक लिहून दाखवणे बरे.

शाब्दिक उदाहरणांबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारकडे भिली बोलणाऱ्या मुलांना शाळेतील मराठीच दुसरी भाषा असते. अशा वर्गात पहिले काही महिने शाब्दिक उदाहरणांचा विभाग बंद ठेवावा आणि ती उदाहरणे शिक्षकाने स्वतः, मुलांच्या भाषेचा आधार घेत, तोंडी घ्यावीत.

सुरुवातीची चाचणी कागदावर आणि तोंडी घ्यावी

बहुतेक प्रणाली पहिल्या दिवशी स्वतःची स्तर-निश्चिती चाचणी घेतात. ती होऊ द्यावी, पण तिच्याआधी प्रत्येक मुलाची स्वतंत्र तोंडी तपासणी करावी. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ज्या ‘असर’ सर्वेक्षणात गणित तपासते, त्याच्या पायऱ्या यासाठी पुरेशा आहेत: एक अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी संख्या ओळखणे, दोन अंकी हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. मूल ज्या पायरीवर अडले ती नोंदवहीत लिहावी आणि नंतर अ‍ॅपने दिलेला स्तर तिच्याशेजारी लिहावा. दोन्हींत मोठा फरक दिसला, तर मूल टॅबला बिचकले असेल, किंवा शेजारच्याने उत्तरे सांगितली असतील. अशा वेळी अ‍ॅपमधला स्तर हाताने बदलण्याची सोय शिक्षकाच्या खात्यात आहे का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. ती नसेल तर हे मोठे उणेपण समजावे.

आठवड्याची बैठक

समजा वर्गात ३० मुले आणि १० टॅब आहेत. मुलांचे तीन गट करावेत आणि प्रत्येक गटाला आठवड्यातून दोनदा २० मिनिटे टॅब द्यावेत. ४० मिनिटांच्या एका तासिकेत अशा दोन बैठका होतात, म्हणजे आठवड्याला गणिताच्या तीन तासिका यात जातात आणि उरलेल्या तासिका संपूर्ण वर्गासाठी मोकळ्या राहतात. एक गट टॅबवर असताना दुसरा शिक्षकाजवळ साहित्य घेऊन बसतो आणि तिसरा वहीत सराव करतो. तिसरीच्या मुलांना यापेक्षा लांब बैठक देऊ नये, कारण शेवटच्या काही मिनिटांतली उत्तरे थकव्याची असतात आणि तीही हिशेबात धरली जातात.

एका टॅबवर दोन मुले बसवण्याचा मोह टाळावा. व्हिडिओसाठी ते चालते. अ‍ॅडॅप्टिव्ह सरावात मात्र खाते एकाचे आणि उत्तर दुसऱ्याचे झाले की प्रणाली एका तिसऱ्याच, अस्तित्वात नसलेल्या मुलाला शिकवू लागते. टॅब कमीच असतील तर बैठका कमी कराव्यात. चार्जिंगचे आणि वीज गेल्यास काय करायचे याचे वेळापत्रक मोठ्या वर्गातील मुलांकडे सोपवता येते, आणि इंटरनेट अधूनमधून जात असेल तर ऑफलाइन चालून नंतर नोंदी पाठवणारीच प्रणाली घ्यावी.

प्रत्येक टॅबशेजारी कच्च्या कामाची वही असलीच पाहिजे, आणि हा नियम बाकी सगळे नियम सैल झाले तरी सैल होऊ देऊ नये. पडद्यावर केवळ उत्तर राहते. रीत राहते ती वहीत. तारखेखाली उदाहरण मांडून मगच उत्तर टॅबवर भरायचे, अशी सवय लावायला दोन-तीन आठवडे जातात. तारे, नाणी आणि गुणानुक्रमाचे फलक बंद करता येत असतील तर बंद करावेत, कारण ते चालू असताना मुले सोपे प्रश्न भराभर सोडवून नाणी जमवतात आणि अवघड पायरी टाळतात. ‘मदत’ हे बटण वारंवार दाबत शेवटच्या सूचनेपर्यंत जाऊन उत्तर उतरवून घेण्याची युक्तीही मुलांना पहिल्याच आठवड्यात सापडते.

अहवाल वाचणे: खरे काम येथे आहे

५२ − २७ = ३५ या उत्तराकडे पुन्हा वळू. प्रणालीला चूक दिसली, तिने मुलाला एक पायरी खाली नेले आणि बिनहातच्याची वजाबाकी दिली. ५८ − २३, ७६ − ४१, ९५ − ६२. मुलाने आपल्या त्याच चुकीच्या रीतीने, मोठ्या अंकातून लहान वजा करत, सगळी उत्तरे बरोबर दिली, कारण या उदाहरणांत वरचा अंक मोठाच असतो आणि चुकीची रीत उघडी पडत नाही. प्रणालीने समाधानाने त्याला पुन्हा वर नेले, तेथे तो पुन्हा चुकला, आणि तो पुन्हा खाली आला. आठवड्याच्या अहवालात या मुलाने ६० उदाहरणे सोडवल्याचे आणि त्यांतली दोन-तृतीयांश बरोबर आल्याचे दिसेल, आणि रंग बहुधा हिरवा किंवा पिवळा असेल. प्रत्यक्षात त्याने एक चुकीची रीत ६० वेळा घोटून पक्की केली आहे.

म्हणून अहवालात एकूण टक्केवारी सर्वांत शेवटी पाहावी. आधी हे पाहावे की कोणती मुले त्याच दोन पायऱ्यांमध्ये वर-खाली करत आहेत. त्यानंतर, कोणत्या मुलाचे एकाच कौशल्यावर तीन बैठका होऊनही पुढे सरकणे झालेले नाही. त्यानंतर उत्तराला लागणारा वेळ: हातच्याच्या वजाबाकीचे उत्तर दोन-तीन सेकंदांत येत असेल तर ते अंदाजाने येत आहे, आणि एकेका बेरजेला मिनिट लागत असेल तर मूल अजून बोटांवर मोजत आहे, जरी त्याची सगळी उत्तरे बरोबर असली तरी. हे सगळे पाहायला आठवड्यातून अर्धा तास पुरतो, पण तो वेळ वेळापत्रकात लिहून ठेवला नाही तर कधीच मिळत नाही. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरचा वेळ यासाठी अनेकांना सोयीचा पडतो.

अडलेल्या मुलांची नावे निघाली की त्यांच्या कच्च्या वह्या उघडाव्यात आणि मुलाला जवळ घेऊन ‘हे कसे केलेस ते मला सांग’ एवढेच म्हणावे. ‘हे चुकले’ असे आधी म्हटले की मूल रीत सांगायचे थांबते आणि आपल्या चेहऱ्यावर उत्तर शोधू लागते. एकच चुकीचे उत्तर दोन वेगवेगळ्या कारणांनी येते हे अशा बोलण्यातूनच कळते. एखादी मुलगी ‘दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन घालवले’ असे सांगेल, म्हणजे तिला अडचण दिसली होती, फक्त वाट माहीत नव्हती. दुसऱ्या मुलाला मात्र कोणत्या संख्येतून कोणती वजा करायची याचाच बोध झालेला नसेल. पहिलीला दशक सुटा करायला शिकवायचे आहे, दुसऱ्याला वजाबाकीचा अर्थच पुन्हा समजावून द्यायचा आहे, आणि अहवालात दोघांची ओळ सारखीच दिसते.

पुढच्या बैठकीत असे चार-पाच जण शिक्षकाजवळ घ्यावेत. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मांडाव्यात आणि सात काड्या द्यायला सांगाव्यात. दोनच सुट्या आहेत हे लक्षात आल्यावर एक गठ्ठा सोडायचा की नाही, हा निर्णय मुलाला स्वतः घेऊ द्यावा. शिक्षकाने गठ्ठा सोडून दाखवला की सगळा धडा वाया गेला. चार गठ्ठे आणि बारा सुट्या झाल्या, त्यांतून सात गेल्या, पाच उरल्या, चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. हीच कृती वहीत मांडून घ्यावी आणि मगच मुलाला टॅबवर त्या पायरीवर परत पाठवावे. दोन आठवड्यांनी ४०३ − १२८ यासारखे मध्ये शून्य असलेले उदाहरण आवर्जून द्यावे, कारण जुनी रीत तेथे ३२५ या उत्तराच्या रूपाने पुन्हा डोके वर काढते.

टॅबवर याच कृतीची हलती चित्रे असतात आणि ती चांगलीही असतात. तरी सात-आठ वर्षांच्या मुलासाठी हातातल्या काड्या आधी असाव्यात आणि चित्र नंतर, असे माझे ठाम मत आहे. गणित पेटी कपाटात बंद करून टॅब बाहेर काढणे हा उलटा व्यवहार झाला.

घर, माहिती आणि स्थलांतर

घरच्या मोबाइलवर तेच खाते उघडून दिले, तर मोठी भावंडे कौतुकाने उत्तरे देतात आणि सोमवारी मूल दोन पायऱ्या वर गेलेले असते. घरच्या सरावासाठी वेगळे खाते असावे, किंवा घरी पाढे आणि तोंडी हिशेबच द्यावेत. खाते उघडताना मुलाचे पूर्ण नाव, आधार क्रमांक किंवा छायाचित्र देण्याची गरज नसते. हजेरी क्रमांक आणि एखादे टोपणनाव पुरते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे, त्यामुळे पालकसभेत अ‍ॅप दाखवून लेखी संमती घ्यावी आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात तशी नोंद करावी.

ज्या भागातून ऊसतोडीसाठी कुटुंबे जातात, तेथे या प्रणालीचा एक उपयोग सहसा दुर्लक्षित राहतो. मूल दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या परिसरात जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते, तेव्हा दोन्हीकडच्या शिक्षकांना ते कोठवर शिकले हे ठाऊक नसते. स्थलांतरित मुलांना दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डासोबत अ‍ॅपचा लॉगिन क्रमांक आणि मूल सध्या कोणत्या पायरीवर आहे हे दोन ओळींत लिहून दिले, तर तिकडच्या शाळेत टॅब असल्यास सराव तेथूनच सुरू होतो, आणि नसल्यास त्या दोन ओळी तरी हातात असतात.

सत्राअखेर काय पाहावे

पहिल्या सत्राच्या शेवटी जूनमधली तोंडी तपासणी त्याच पायऱ्यांवर, संख्या बदलून, टॅबशिवाय पुन्हा घ्यावी. अ‍ॅपमधली प्रगती आणि कागदावरची प्रगती दोन्हीकडे दिसत असेल तर व्यवस्था जशी आहे तशी पुढे न्यावी. अ‍ॅपमध्ये मूल तीन पायऱ्या चढलेले आणि कागदावर जागच्या जागी असेल, तर आधी कच्च्या वह्या पाहाव्यात, मग मदतीच्या बटणाचा वापर आणि मग प्रश्नांचे स्वरूप. वर्गातील बहुसंख्य मुलांबाबत असेच दिसत असेल, तर दुसऱ्या सत्रात टॅबच्या तीन तासिका कमी करून एक करावी आणि मोकळा झालेला वेळ पायरीनुसार केलेल्या लहान गटांना द्यावा. टॅब शाळेत आले आहेत म्हणून ते आठवड्यातून तीनदा वापरलेच पाहिजेत, असा आग्रह तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी धरला, तर जूनची आणि ऑक्टोबरची नोंदवही त्यांच्यासमोर ठेवावी.